सेनापतीचा परतला

"पोट आत घ्या," शस्त्रबाई म्हणाली.

"घेतलंय," नवे सेनापती म्हणाले.

"मग एकदा सोडा बघू. फरक कळू दे."

सेनापतींनी श्वास सोडला. डोळ्यांना फरक असा काही कळला नाही, पण कमरेचा पट्टा पोटाच्या घेराखालून सटकला, त्याला अडकवलेली तलवार म्यानासकट दोन पायांच्या मधे आली आणि शत्रूचं तोंडही न बघता सेनापती विंगेतल्या खुर्चीवर आदळले. खुर्ची राजाची होती. तिचा एक पाय कालच डिंकाने चिकटवलेला होता, तोही गेला.

शस्त्रबाई गुडघ्यांवर बसली होती, तोंडात आता टाचण्या धरल्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. नाहीतर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. दुपारी रंगीत तालीम, उद्या पहिला प्रयोग, आणि ज्याच्या तलवारीवर सगळं नाटक उभं आहे त्या माणसाच्या अंगावर तलवार राहायला तयार नाही. जुन्या नाटकाचा हा नवा संच होता. नट नवे, पडदे नवे, दिग्दर्शक तर इतका नवा की त्याच्या चपलांचा अजून आवाज यायचा. जुनी काय ती शस्त्रबाई आणि रंगमंचाखालच्या ओल्या खोलीतली तिची शस्त्रं. बोथट केलेल्या तलवारी, वेताच्या ढाली, पत्र्याची शिरस्त्राणं, आणि तिच्या सासूबाईंनी जाड सुतळीची विणलेली, वरून चंदेरी रंग मारलेली चिलखतं. लांबून लोखंड, जवळून पोतं. प्रेक्षक लांब बसतात, हे नाटकवाल्यांचं नशीब.

दिग्दर्शक आला तो हातात फोटो घेऊनच. त्याला मंडळीत 'त्याकाळी' म्हणत, अर्थात पाठीमागे. कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू व्हायचं.

"बाई, त्या काळी सैनिक चष्मा लावत नसत," तो कोपऱ्यातल्या एका सैनिकाकडे बोट दाखवून म्हणाला.

"त्या काळी याला कुणी सैनिक केलाच नसता," शस्त्रबाईने टाचण्या काढल्या. "चष्मा काढला तर हा पहिल्याच लढाईत आपल्या राजाला मारून मोकळा होईल. मी त्याच्या शिरस्त्राणाला पुढून जाळी लावते. जाळी त्या काळची, चष्मा तिच्या आत."

दिग्दर्शकाने विचार केला. "जाळी असायची," तो म्हणाला. "चालेल. सेनापतींनाही लावा. पण हे गुडघ्यांवरचं पिवळं काय आहे? यावर तर कंपनीचं नाव आहे."

"खेळाच्या दुकानातले गुडघापट्टे आहेत. वरून तपकिरी कातडं शिवतेय, दिसणार नाहीत. काढा मात्र म्हणू नका. तलवारी त्या काळच्या असू देत, हाडं या काळची आहेत."

हे दोघं दिवसभर असे भांडत आणि दोघांनाही त्यात मजा येई. दिग्दर्शक हट्टी होता, पण खोटा नव्हता. चुकलं तर चुकलो म्हणायचा, आणि बरोबर असला तर मात्र हटायचा नाही. आत्ता त्याने फोटो पुढे केला. एका जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेले योद्धे होते. नाकं झिजलेली, पण पोशाख स्पष्ट.

"कमरेला बघा. पट्टा आहे, पण तलवार त्याला नाही. तलवार खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला आहे. तिरक्या. एकाचीही कमरेला नाही."

शस्त्रबाईने फोटो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. एकाचीही नव्हती. इतकी वर्षं ती प्रत्येक योद्ध्याच्या कमरेला तलवार बांधत आली होती आणि एकाही प्रेक्षकाने उठून हरकत घेतली नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. हे म्हणणं तिला जड गेलं.

"आणि पोटाचाही प्रश्न सुटेल," खुर्चीच्या उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळत सेनापती म्हणाले.

"पण असा पट्टा आज कुठून मिळणार?" दिग्दर्शक म्हणाला. "बाजारात सगळे चकचकीत आणि टिचबटणाचे."

"माझ्या घरी आहे एक," शस्त्रबाई म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिला वाटलं, नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

खांद्यावरून तिरक्या येणाऱ्या, तलवार अडकवायच्या या चामडी पट्ट्याला मंडळीत 'परतला' म्हणत. शब्द कुणी आणला कोण जाणे. बाहेर तो कुणाला कळत नसे आणि आत दुसरा शब्द कुणी वापरत नसे. घरातला परतला शस्त्रबाईच्या नवऱ्याचा होता. जुन्या संचात सेनापती तोच होता, आणि इतका की पुढे दूधवालासुद्धा त्याला सेनापती म्हणू लागला. त्याची आईही तेच म्हणे; पाळण्यातलं नाव विसरूनच गेल्यासारखी. बाकी सगळं सैन्य कमरेला तलवार लावत असताना हा एकटा खांद्यावरून लावायचा. मिरवायला, असं शस्त्रबाईचं ठाम मत होतं. आता त्या माणसाची आयुष्यात एक तरी गोष्ट बरोबर निघावी, आणि ती नेमकी ही निघावी!

एके दिवशी "मूठ सैल झालीये, बसवून आणतो" म्हणून तो तलवार घेऊन बाहेर पडला, तो काही आला नाही. मूठ बसवायला एवढा वेळ लागत नाही, हे शस्त्रबाईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? पुढे कुणाकुणाला तो कुठेकुठे दिसला, कुणाबरोबर दिसला, तेही कानावर आलं. 'सेनापती गेला, परतला राहिला' असा विनोद तेव्हा मंडळीत झाला होता. तिच्यासमोर कुणी केला नाही, पण तिला तो माहीत होता आणि खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता.

आज तिच्या डोक्यात मात्र वेगळाच घोर होता. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक तालीम बघायला येणार होते. त्यांना त्यांच्या शस्त्रागारावर शस्त्रबाई हवी होती. कोरडी, उजेडाची जागा, हाताखाली माणसं, राहायला नाट्यगृहाच्याच आवारात घर. महिनाभर ती 'कळवते' म्हणत होती, आणि आज ते उत्तर घेतल्याशिवाय जाणार नव्हते. तिला जायचं होतं. तलवारींवरचा गंज घासून घासून हाताला आलेला वास तिला पुरे झाला होता. घरात खुंटीवर अजून टांगलेला त्याचा कोटही पुरे झाला होता. पण उत्तर 'नाही' असंच द्यावं लागणार होतं. कारण घर बदलायचं नुसतं नाव काढलं, की सासूबाई म्हणत, "आणि दार कुणी वाजवलं, नि आत कुणी नसलं, तर?" कुणी म्हणजे कोण ते सांगायला नको. आईचं काळीज. त्यापुढे काय बोलणार? सासूबाई बाजारातसुद्धा जात नसत. त्यांना एकटं टाकून जाणं तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. पोटच्या पोराने टाकलंच होतं, आता सुनेनेही टाकायचं?

तिने घरी फोन लावला.

सासूबाईंचा उजवा कान ठणठणीत होता आणि डावा नावालाच होता. पण उजव्या हातात कायम विणायची सुई, त्यामुळे फोन नेहमी डाव्या हातात, म्हणजे डाव्या कानाला. त्यात नेमका त्याच वेळी सुतार रंगमंचावर किल्ल्याचा बुरूज ठोकायला लागला.

"आई, सेनापतीचा परतला हवाय!"

"काय?"

"सेनापतीचा," ठक्, ठक्, "परतला!"

पलीकडे सुई खणकन खाली पडली.

"कोण म्हणालं?" सासूबाईंनी विचारलं.

"दिग्दर्शक म्हणाले. मला तरी कुठे ठाऊक होतं!"

"कसा आहे?"

शस्त्रबाईला नवल वाटलं. सासूबाईंनी तिच्या सामानाची एवढी चौकशी कधी केली नव्हती. "कसा असणार? जुनाच की. आखडला असेल जरा. तेल चोळलं की येईल वळणावर."

"आणि तुला हवाय?"

"हवाय म्हणजे काय? त्याच्यावाचून अडलंय माझं! पलंगाखाली," ठक्, ठक्, ठक्, "घरी पाठवते मी."

"घरी? आज?"

"आत्ताच पाठवते. तयार ठेवा म्हणजे झालं."

फोन बंद झाला. शस्त्रबाईने मागच्या दारावरच्या वॉचमनला पत्ता समजावून पिटाळलं आणि शिरस्त्राणांना आतून स्पंज चिकटवायला बसली.

वॉचमनचा फोन आला तेव्हा सैन्य कपडे चढवत होतं आणि मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक पुढच्या रांगेत येऊन बसले होते. वॉचमन म्हणाला, "बाई, घराला कुलूप आहे."

"दुसरं घर असेल. नीट बघ."

"तेच आहे. शेजारच्या बाई सांगतायत, आजी बॅग घेऊन गेल्या. कुठे ते बोलल्या नाहीत. घाईत होत्या म्हणे."

शस्त्रबाईच्या हातातलं शिरस्त्राण खाली पडलं आणि गडगडत विंगेच्या टोकाला गेलं. दार वाजलं तर आत कुणीतरी हवं म्हणून उंबरा न ओलांडणारी बाई कुलूप लावून, बॅग घेऊन जाते कुठे? तिने घरी फोन केला. तो आत वाजत राहिला. शेजारणीला केला, तिनेही तेच सांगितलं. ती पर्स उचलून निघालीच होती, एवढ्यात दिग्दर्शक आडवा आला.

"परतला?"

"नाही आला. दोरी बांधा. मला घरी जायचंय."

"बाई, पाच मिनिटं. लढाई तेवढी होऊ द्या. तुम्ही विंगेत नसलात तर हे एकमेकांचे डोळे फोडतील."

ते खरं होतं. चष्मेवाल्या सैनिकाला जाळीतून दिसत होतं, पण वाफ धरली होती. शस्त्रबाईने एक हात पर्सच्या पट्ट्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने सेनापतींच्या खांद्यावरून पडद्याची दोरी तिरकी बांधली, तलवार अडकवली, तोंडावरची जाळी खाली ओढली आणि त्यांना रंगमंचावर ढकललं. रणवाद्यं सुरू झाली.

मागच्या दारावर वॉचमन नव्हता. त्यामुळे मागच्या दाराने कुणी आत आलं तर त्याला अडवायलाही कुणी नव्हतं, आणि आत येणाऱ्या माणसाला पहिला दरवाजा दिसायचा तो किल्ल्याचा. बुरूज नवा होता, दरवाजा खरा उघडत होता. सुताराने काम चोख केलं होतं.

सेनापती तलवार उगारून "या कोटाच्या आत पाऊल टाकील असा कोण आहे?" असं गरजले, आणि कोटाचा दरवाजा उघडून सासूबाई बाहेर आल्या. दोन्ही हातांत मिळून एक फुगलेली बॅग होती, श्वास लागला होता. समोर दिवे, सैन्य आणि पाठमोरे सेनापती. अंगावर त्यांनीच विणलेलं चिलखत.

त्यांनी बॅग खाली ठेवली.

"वळ इकडे," त्या म्हणाल्या.

सेनापती वळले. तोंडावर जाळी होती. सैन्याने तलवारी खाली केल्या. रणवाद्यं वाजवणाऱ्यालाही काहीतरी वेगळं चाललंय हे कळलं आणि त्याने बटण बंद केलं.

सासूबाईंनी सेनापतींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यांची नजर मध्यावर थांबली.

"जाड झालास," त्या म्हणाल्या. "चांगलं पोट सुटलंय. आमच्या आठवणीने झुरून कुणाचं पोट सुटत नाही."

सेनापती या संचात नवे असले तरी जुने-जाणते नट होते. रंगमंचावर काहीही झालं तरी थांबायचं नाही, सांभाळून न्यायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. समोर आई आहे एवढं त्यांना कळलं, आणि आईपुढे काय करायचं असतं ते कुठल्याही नाटकात सारखंच असतं. त्यांनी एक गुडघा टेकला. गुडघापट्टा होता म्हणून बरं.

"चुकलो, आई," ते जाळीमागून म्हणाले.

"चुकलो म्हणू नकोस!" सासूबाई कडाडल्या. "चुकलो म्हणालास की माझं पाणी होतं, ते तुला लहानपणापासून माहीतेय. म्हणून आधी ऐक. ती म्हणते, तिचं तुझ्यावाचून अडलंय. अडू दे. तुला तेल चोळायला नि वळणावर आणायला तिचा जन्म नाही झाला. तिला मोठ्या नाटकवाल्यांनी बोलावलंय. मला सांगितलं नाही तिने, पण ती फोनवर बोलते तेव्हा माझा उजवा कान तिकडेच असतो. मी तिला तिकडे घेऊन चाललेय. घराला कुलूप लावलंय."

पुढच्या रांगेत व्यवस्थापक सावरून बसले. दिग्दर्शक पेन्सिल तोंडात धरून उभा होता. हे संहितेत नाही हे त्याला माहीत होतं, पण थांबा म्हणवत नव्हतं.

"मी आत असते, तर दार उघडलं असतं रे," सासूबाईंचा आवाज खाली आला. "उघडलं असतं, आणि ताटही वाढलं असतं. मी आई आहे, माझा काय भरवसा? म्हणून तर बाहेरून कुलूप घातलं."

"आई!" शस्त्रबाई विंगेतून धावत आली. ती आली आणि सेनापतींच्या शेजारी थबकली, कारण सासूबाईंनी तिला दंडाला धरून आपल्या पाठीमागे ओढलं.

"तू मधे पडू नकोस."

"आई, हे दुसरेच आहेत. काढा हो ते शिरस्त्राण!"

सेनापतींनी शिरस्त्राण काढलं. आतून एक गोल, घामेजलेला, अगदी परका चेहरा निघाला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. नट माणूस, दुसऱ्याच्या आईनेसुद्धा रडवावं.

"हा कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"नवे सेनापती."

"आणि आपला?"

आजवर सासूबाईंसमोर शस्त्रबाई त्याला 'हे'च म्हणत आली होती. आईसमोर मान राखावा म्हणून. "तो आला नाही, आई," ती म्हणाली. "आलाच नाही तो."

"तूच म्हणालीस ना..."

पण सासूबाईंचं वाक्य पुरं झालं नाही. दिग्दर्शक पायऱ्या चढून रंगमंचावर आला होता आणि त्याचं लक्ष जमिनीवर ठेवलेल्या बॅगेकडे गेलं होतं. बॅगेची चेन तुटलेली होती. आतलं सामान बाहेर येऊ नये म्हणून तिला एक रुंद, जुना, तेलकट काळा चामडी पट्टा दोन वेढे देऊन करकचून आवळला होता.

"परतला!" दिग्दर्शक ओरडला.

सासूबाईंनी दचकून किल्ल्याच्या दरवाज्याकडे पाहिलं.

"तिकडे नाही, आई. हा," शस्त्रबाईने बॅगेवरच्या पट्ट्याला हात लावला. "हा परतला. याला परतला म्हणतात. फोनवर मी हाच मागत होते."

"पट्ट्याला?"

"हो."

"पट्ट्याला तुम्ही परतला म्हणता?"

"हो."

"मग परत आलेल्याला काय म्हणता?"

दिग्दर्शकाने खाली बसून पट्टा सोडवला. पट्टा सुटताच बॅगेने तोंड वासलं आणि सगळा संसार रंगमंचावर पसरला. वर शस्त्रबाईचे कपडे, घड्या घातलेले, तिची औषधं, तिच्या जाड सुया आणि कातडं शिवायचा दाभण. खाली सासूबाईंची दोनचार लुगडी, बोळा करून कोंबलेली. चष्मेवाल्या सैनिकाने ढाल बाजूला ठेवली आणि सगळं गोळा करायला वाकला. त्याच्या हाताला बरंच काही न दिसता लागलं, आणि बरंच काही राहिलं.

दिग्दर्शकाने दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

विंगेत सासूबाई शिरस्त्राणांच्या पेटीवर बसल्या. शस्त्रबाईने त्यांना पाणी दिलं. बाहेर सेनापती परतला अंगावर चढवून बघत होते. तो बेताच्या अंगाच्या माणसाचा होता, त्यामुळे त्यांची तलवार बगलेत जाऊन बसली होती आणि ते "हात खाली येत नाही, हात!" असं ओरडत होते. तिकडे आत्ता लक्ष द्यायला शस्त्रबाईला सवड नव्हती.

"मला वाटायचं, तुम्ही वाट बघताय," ती म्हणाली.

"मी?" सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "अगं, वाट तू बघत होतीस. दर पावसाळ्याआधी ट्रंक ओढून तो पट्टा काढतेस, मांडीवर घेऊन तेल चोळत बसतेस. मी पलंगावरून बघते ना. किती जीव लावून चोळतेस! मला बघवायचं नाही."

"आई, कातडं आहे ते. तेल नाही लावलं तर तडकतं. मी सगळ्याच पट्ट्यांना लावते."

"सगळ्याच?"

"ढालींच्या मुठींनासुद्धा. हा घरी होता म्हणून घरी लावायचे, एवढंच."

सासूबाईंनी पेला उचलून एक घोट घेतला.

"आणि तुम्ही ते म्हणायचात ते? दार कुणी वाजवलं तर?"

"ते तुझ्यासाठी. तुला बरं वाटावं म्हणून. आणि उद्या तूच म्हणायला नको, की म्हातारीनेच लेकाला टाकलं."

"आणि तो कोट?"

"मला वाटलं, तुला हवाय."

"मला वाटलं, तुम्हाला."

शस्त्रबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचा संताप संताप झाला. कुणावर करायचा तेच तिला कळेना. इतकी वर्षं त्या दोघींनी एकमेकींच्या सुखासाठी एका माणसाची वाट बघितली होती, आणि तो माणूस दोघींनाही नको होता. त्या घरात, त्या कोटाखाली. एकदा तरी विचारायचं ना! पण विचारतं कोण? एवढं जपायचं एकमेकींना, की तोंड म्हणून उघडायचं नाही. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला.

"नाही आला ते बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. मग खाली बघत, "कुठे असेल गं? जेवत असेल ना वेळेवर?"

"जेवत असेल, आई."

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. "जेवू दे. असेल तिथे जेवू दे."

व्यवस्थापक विंगेत आले ते जरा चाचरतच. हातात चष्मेवाल्याकडून राहिलेलं एक लुगडं होतं, ते त्यांनी सासूबाईंकडे दिली. ढाली फार छान आहेत म्हणाले. स्पंजाचं कौतुक केलं. त्यांच्याकडे मागच्याच महिन्यात एकाची भुवई फुटली होती. मग त्यांनी घसा साफ केला.

"बाई, आज उत्तर देणार होतात. घाई नाही, पण आवारातलं घर मला दोन दिवसांत ठरवावं लागेल. दोन खोल्यांचं एक आहे, तीन खोल्यांचं एक आहे. म्हणजे, तुमचे मिस्टर..." ते मधेच थांबले. मघाचं सगळं त्यांनी पहिल्या रांगेतून ऐकलं होतं आणि आता पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना.

शस्त्रबाईने तोंड उघडलं. असल्या प्रश्नाला द्यायचं एक घोटीव उत्तर तिच्याकडे होतं. बाहेरगावी असतात, येऊनजाऊन असतात, असलं काहीतरी. पण सासूबाई आधी बोलल्या.

"दोन खोल्या पुरतील," त्या लुगड्याची मांडीवर घडी घालत म्हणाल्या. "आम्ही दोघीच असतो."

व्यवस्थापकांनी मान हलवली. त्यांनी शस्त्रबाईकडे पाहिलं. "मग कधी येताय?"

रंगमंचावरून सेनापती तिला हाका मारत होते. शस्त्रबाईने खिशातला दाभण काढला, परतल्याला जोडायला कातड्याचा एक तुकडा शोधला आणि उठली.

"उद्याचा प्रयोग होऊ द्या," ती म्हणाली. "बॅग तर भरलेलीच आहे."